महाबळेश्वरचा पाऊस, कोयनेचा साठा आणि आलेखातले थर : प्रकल्प नोंदी

२ एप्रिल २०२५ : काय करायचे आहे

गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर लावायला २०२१ च्या पावसाळ्याचा एक मोठा आलेख करतो आहे. १ जून ते ३१ ऑक्टोबर. डाव्या अक्षावर महाबळेश्वरचा रोजचा पाऊस, उभ्या स्तंभांनी. उजव्या अक्षावर कोयना धरणातला साठा, टीएमसीमध्ये (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). मागे हवामान खात्याच्या वर्गवारीचे फिके आडवे पट्टे : ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. आणि या सगळ्यात आकडा वाचता यावा म्हणून ग्रिडच्या रेघा.

२०२१ निवडण्याचे कारण एकच दिवस आहे. २३ जुलैच्या सकाळी साडेआठला महाबळेश्वरला आधीच्या २४ तासांचा पाऊस ५९४.४ मिमी नोंदला गेला. कोयना नदी महाबळेश्वरलाच उगम पावते, म्हणून हा पाऊस आणि तो साठा एकाच कागदावर पाहण्यात अर्थ आहे. आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी सकाळी पेपरात हे दोन आकडेच आधी वाचले जातात.

साधन मॅटप्लॉटलिब (पायथन भाषेतून आलेख काढायची लायब्ररी), आवृत्ती ३.१०. आज्ञांची नावे या नोंदींत देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरे (‘रेक्टँगल’, ‘लाइन२डी’ ही नावे आणि ‘ट्रू’, ‘फॉल्स’ यांचे पहिले अक्षर तेवढे मोठे; शिवाय ‘लाइन२डी’मधला ‘डी’ आणि ‘विथस्ट्रोक’मधला ‘एस’ही मोठा).

या कामात गणित जवळजवळ नाही. सगळा वेळ कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली यातच गेला, म्हणून नोंदीही त्याच्याच आहेत.

४ एप्रिल : रेघा स्तंभांवरून जातात

पहिला आलेख लगेच झाला. स्तंभ आले, ‘ग्रिड(ट्रू)’ म्हटल्यावर रेघाही आल्या, पण त्या स्तंभांच्या अंगावरून. २३ जुलैचा उंच स्तंभ पाच ठिकाणी कापल्यासारखा दिसतो. पडद्यावर हे फारसे खुपत नाही. ए३ प्रिंट काढून भिंतीवर धरली तेव्हा मात्र स्तंभाच्या आत टप्पे असल्याचा भास होत होता. प्रिंट ६० रुपयांची.

उपाय म्हणून ‘ग्रिड’ला झेडऑर्डर शून्य दिला. झेडऑर्डर म्हणजे थराचा क्रमांक. मोठा आकडा वर, लहान खाली. काहीच बदलले नाही. उणे दहा दिला, तरी तेच. अख्खी संध्याकाळ यात गेली. आज्ञा चालते, चूक दाखवत नाही आणि परिणामही होत नाही. अशा वेळी माणूस स्वतःच्याच टायपिंगवर संशय घेत बसतो.

५ एप्रिल : ग्रिड अक्षाची असते

पुण्याला असलेल्या भाचीला फोन केला. तिचे रोजचे काम हेच. ती म्हणाली, “मामा, ग्रिडच्या रेघेला तुम्ही कितीही आकडे द्या, ती एकटी कुठे जाणारच नाही. अक्ष, त्याच्या खुणा, त्याचे आकडे आणि ग्रिड हे एकत्रच काढले जातात. हलवायचा तर पूर्ण अक्ष हलवा.”

तिने पडताळायची पद्धतही सांगितली, ती फार उपयोगी आहे. आलेख एसव्हीजी (रेषा-आकार साठवणारी चित्रफाइल) म्हणून जतन करायचा आणि इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडून वस्तूंची यादी पाहायची. एसव्हीजीमध्ये जे आधी लिहिलेले ते खाली रंगते आणि नंतरचे वर, त्यामुळे खरा क्रम डोळ्यांसमोर येतो. पाहिले तर अक्षाच्या गटाच्या पोटात प्रत्येक खुणेचा छोटा गट, आणि त्या छोट्या गटात ग्रिडची रेघ. रेघेचा स्वतःचा झेडऑर्डर तिथे कोणी विचारतच नाही.

मुळात ठरलेले थरांचे आकडे असे : चित्रे शून्यावर, स्तंभ आणि भरलेले आकार १ वर, रेषा २ वर, अक्षरे ३ वर. अक्ष कुठे बसणार ते ‘सेट_ॲक्सिसबिलो’ ठरवते. ‘ट्रू’ दिले तर अक्ष ०.५ वर, म्हणजे चित्रे सोडून सगळ्यांच्या खाली. ‘फॉल्स’ दिले तर २.५ वर, रेषांच्याही वर. काहीच सांगितले नाही तर १.५ : रेषांच्या खाली, पण स्तंभांच्या वर. आवृत्ती २.० पासून हीच मधली जागा ठरलेली आहे. रेषालेख काढणाऱ्याला ती सोयीची. स्तंभालेख काढणाऱ्याला पहिल्याच दिवशी अडवते.

‘सेट_ॲक्सिसबिलो(ट्रू)’ केले. रेघा स्तंभांमागे गेल्या. अक्षाच्या खुणाही ग्रिडबरोबर खाली जातात, हे ध्यानात ठेवावे : खुणा आतल्या बाजूला वळवल्या असतील तर कडेचा स्तंभ त्या झाकतो. मी त्या बाहेरच ठेवल्या आहेत.

६ एप्रिल : आता रेघाच गायब

वर्गवारीचे पट्टे टाकले, ‘ॲक्सएचस्पॅन’ने. ६४.५ च्या वर ग्रिड दिसेनाशी झाली. कालच्या आकड्यांवरून कारण लगेच कळले : पट्टाही भरलेला आकार, म्हणून तोही १ वर, आणि अक्ष ०.५ वर गेलेला. पट्ट्यांना झेडऑर्डर शून्य दिला. पट्टे शून्य, अक्ष अर्धा, स्तंभ एक. दुरुस्त झाले.

पट्ट्यांना उणे आकडा दिला तरी ते आलेखाच्या पायाभूत पार्श्वभूमीच्या खाली जात नाहीत. ती पार्श्वभूमी नेहमी सर्वांत आधी रंगते. हे कळल्यावर धीर आला, कारण मी मुद्दाम शून्याच्या आसपास घुटमळत होतो.

पट्ट्यांना पिवळा, नारिंगी, लाल असे रंग द्यावेत असे वाचनालयातल्या मंडळींनी सुचवले. मी नाही म्हणालो. ते रंग हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे आहेत आणि इशारा देताना केवळ मिलिमीटर पाहत नाहीत. पडून गेलेल्या पावसाच्या मागे ते रंग लावले तर वाचणारा तो त्या दिवशी दिलेला इशारा समजेल. तीन फिक्या करड्या-निळ्या छटा घेतल्या.

१० एप्रिल : दोन अक्ष, दोन कागद

साठा टाकायला ‘ट्विनएक्स’ने उजवा अक्ष उघडला. साठा भरलेल्या क्षेत्राने दाखवायचा होता, पाणी भरत जाते तसा. तो आला आणि जुलैअखेरचे सगळे स्तंभ त्याच्यामागे दडले.

स्तंभांना झेडऑर्डर १०, साठ्याला १. फरक नाही. मग १००. तरीही नाही.

या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे सापडली. झेडऑर्डरची तुलना फक्त एका चौकटीच्या आत होते. चौकट म्हणजे अक्षांची एक जोडी आणि तिच्यात काढलेले सगळे. ‘ट्विनएक्स’ दुसरी चौकट तयार करते, आणि आधी एक चौकट पूर्ण रंगते, मग दुसरी. एका पारदर्शक कागदावरचे चित्र दुसऱ्या कागदावरच्या चित्राच्या वर आणायचे तर कागदच उचलून वर ठेवावा लागतो, तसे हे आहे. दोन्ही चौकटींचा क्रमांक सारखाच असतो, म्हणून नंतर जन्मलेली उजवी चौकट वर राहते.

डाव्या चौकटीचा झेडऑर्डर उजव्यापेक्षा एकने वाढवला. स्तंभ वर आले आणि साठा पूर्ण नाहीसा झाला. उजवीकडचे टीएमसीचे आकडे तेवढे उरले. डाव्या चौकटीची स्वतःची पांढरी पार्श्वभूमी असते, तिने खालचे सगळे झाकले. ‘पॅच.सेट_व्हिजिबल(फॉल्स)’ने ती काढली. साठा परत दिसला.

पण उजव्या चौकटीची पार्श्वभूमी ‘ट्विनएक्स’ने आधीच बंद करून ठेवलेली असते. त्यामुळे आता दोघींपैकी कोणाचीच पार्श्वभूमी उरली नाही आणि पूर्ण आकृतीचा रंग आरपार दिसू लागला. ज्यांना आलेखाच्या आत वेगळा रंग हवा आहे त्यांनी खाली गेलेल्या चौकटीची पार्श्वभूमी चालू करून रंग तिला द्यावा. वरच्या चौकटीला रंग देऊन उपयोग नाही.

११ एप्रिल : पट्टे चुकीच्या कागदावर

पट्टे मिलिमीटरचे, म्हणून ते डाव्या चौकटीत काढलेले. डावी चौकट आता वर, म्हणून पट्टे साठ्याच्याही वर. मला हवा आहे तो क्रम : पट्टे, त्यावर साठा, त्यावर स्तंभ. पट्टे आणि स्तंभ एकाच मापाचे आणि साठा दोघांच्या मध्ये. झेडऑर्डरने हे होणे शक्य नाही.

पट्टे ३० टक्के अपारदर्शक करून पाहिले, म्हणजे मागचा साठाही दिसेल. पडद्यावर सुरेख. प्रिंटमध्ये मात्र रंग मिसळून तीन पट्ट्यांचे सहा झाले. साठ्यावरची छटा वेगळी, कोऱ्या जागेवरची वेगळी, आणि सूचीतली (कोणता रंग कशाचा ते सांगणाऱ्या चौकोनातली) तिसरीच. वाचणाऱ्याने रंग सूचीशी ताडून पाहायचा असेल तर पारदर्शकता टाळावी. आणखी ६० रुपये.

गनूप्लॉट या आलेख काढायच्या दुसऱ्या साधनामध्येही करून पाहिले, कारण तिथे डावे आणि उजवे माप एकाच चौकटीत असते आणि आज्ञेत जे नंतर लिहाल ते वर येते. पट्ट्यांसाठी ‘सेट ऑब्जेक्ट’ला ‘बिहाइंड’ लावले की ते अक्ष आणि ग्रिड यांच्याही मागे जातात. हा भाग तिथे खरोखर सोपा आहे, आणि ज्यांना एवढेच हवे त्यांनी गनूप्लॉटच घ्यावे. ग्रिड मात्र ‘बॅक’ किंवा ‘फ्रंट’, म्हणजे सगळ्या आलेखाच्या मागे किंवा पुढे. साठ्याच्या वर पण स्तंभांच्या खाली अशी मधली जागा तिथे मिळाली नाही, आणि त्या दिवशी मला तीच हवी होती.

१३ एप्रिल : एका चौकटीत राहायचे, दुसरीचे माप वापरायचे

भाचीने वाट दाखवली. वस्तू कोणत्या चौकटीत घातली यावर तिचा थर ठरतो. तिची जागा कोणत्या मापाने मोजायची हे वेगळे सांगता येते. म्हणजे पट्टे खालच्या, उजव्या चौकटीत घालायचे, पण त्यांची उंची डाव्या अक्षाच्या मिलिमीटरने मोजायची.

‘रेक्टँगल’ घेतला. आडव्या दिशेने शून्य ते एक, म्हणजे पूर्ण रुंदी. उभ्या दिशेने मिलिमीटर. ‘ट्रान्सफॉर्म’ (जागा कोणत्या मापाने मोजायची ते) म्हणून डाव्या चौकटीचे ‘गेट_वायॲक्सिस_ट्रान्सफॉर्म’, झेडऑर्डर शून्य, आणि ‘ॲड_आर्टिस्ट’ने उजव्या चौकटीत टाकला. पट्टे ६४.५, ११५.६ आणि २०४.५ लाच राहिले आणि साठ्याच्या खाली गेले.

दोन्ही अक्षांच्या मर्यादा हाताने बांधल्या आहेत : डावीकडे ० ते ६००, उजवीकडे ० ते १२०. पाऊस शंभराच्या टप्प्यांनी, साठा विसाच्या. दोन्हीकडे सहाच भाग. त्यामुळे एकच ग्रिड दोन्ही मापांना चालते. दोन अक्षांच्या दोन वेगळ्या ग्रिड एकमेकींवर पडल्या तर कोणती रेघ कोणाची ते कळत नाही.

१५ एप्रिल : थर बरोबर, आलेख चुकीचा

क्रम अगदी हवा तसा लागला. छापून वाचनालयात नेला. तिथल्या एका वाचकाने विचारले, “ऑगस्टनंतर मुसळधार पाऊस होत नाही का? ते पट्टे तिथे संपलेत.”

प्रश्न रास्त होता. धरण भरत आले की साठ्याचे क्षेत्र आलेखाचा बहुतेक भाग व्यापते आणि त्याखाली पट्टे बुडतात. थरांच्या मागे लागलो असताना हे दिसलेच नाही. भरलेले क्षेत्र काढून टाकले. साठा आता जाड निळ्या रेषेने, आणि तिच्या दोन्ही कडांना पांढरी किनार. किनारीसाठी ‘पाथ इफेक्ट्स’मधले ‘विथस्ट्रोक’ वापरले. पट्ट्यांवरून जाताना ती किनार रेषेला वेगळे उठवते, आणि हे काम पारदर्शकतेपेक्षा फार चांगले होते.

पण साठा रेषा झाल्यावर ग्रिड तिच्या खाली हवी, आणि ग्रिड तर डाव्या, म्हणजे वरच्या चौकटीची. सहा भागांचा मेळ इथे कामाला आला. डाव्या अक्षाची ग्रिड बंद केली, उजव्याची चालू केली. रेघा त्याच जागी, फक्त थर बदलला. उजव्या चौकटीला ‘सेट_ॲक्सिसबिलो(ट्रू)’.

उभ्या, महिन्यांच्या रेघा मात्र आल्या नाहीत. ‘ट्विनएक्स’ दुसऱ्या चौकटीचा आडवा अक्ष लपवते आणि अक्षाबरोबर त्याची ग्रिडही जाते. तो अक्ष दाखवला तर तारखांचे आकडे एकावर एक दोनदा छापले जातात आणि ठळक दिसतात. त्यापेक्षा १ जुलै, १ ऑगस्ट, १ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला उजव्या चौकटीत ‘ॲक्सव्हीलाइन’ने चार रेघा काढल्या, झेडऑर्डर ०.५.

१६ एप्रिल : एका स्तंभासाठी एक रेघ

कोयनेचा पूर्ण साठा १०५.२५ टीएमसी. तो तुटक रेघेने दाखवला आहे. १२० च्या मापात ही रेघ जिथे येते ती उंची पावसाच्या मापात सुमारे ५२६ मिमी. अख्ख्या हंगामात त्या उंचीवर जाणारा स्तंभ एकच, २३ जुलैचा, आणि नेमका तोच रेघ तोडत होता.

ही रेघ तुटू द्यायची नव्हती. परवाचीच युक्ती उलटी केली : रेघ वरच्या डाव्या चौकटीत घातली, माप उजव्या अक्षाचे. आडवी रेघ काढणाऱ्या ‘ॲक्सएचलाइन’ला ‘ट्रान्सफॉर्म’ दिला तर ते सरळ नकार देते, कारण ते स्वतःचे माप स्वतः ठरवते. म्हणून ‘लाइन२डी’ थेट तयार करून ‘ॲड_आर्टिस्ट’ने टाकली, झेडऑर्डर ३.

सूचीचेही असेच झाले. ती उजव्या चौकटीत होती म्हणून स्तंभ तिच्यावरून गेले. सूचीचा झेडऑर्डर ५ असतो, पण तो तिच्या चौकटीपुरता. दोन्ही चौकटींतल्या खुणा गोळा करून सूची डाव्या चौकटीत केली. तिची पार्श्वभूमी मुळात ८० टक्केच अपारदर्शक असते, त्यातून खालच्या रेघा डोकावतात. ‘फ्रेमअल्फा’ १ केला.

१९ एप्रिल : स्तंभ कुठे उभा करायचा

२३ जुलैच्या सकाळी साडेआठला नोंदलेला पाऊस बहुतेक २२ ला पडलेला. चिपळूणला पूर आला तो २२ जुलैचा. वाचणारा २२ शोधणार आणि उंच स्तंभ २३ वर उभा दिसणार. म्हणून प्रत्येक स्तंभ आदल्या दिवशीच्या साडेआठपासून त्या दिवशीच्या साडेआठपर्यंत पसरवला : स्तंभाची जागा साडेआठला, ‘अलाइन’ला ‘एज’ आणि रुंदी उणे एक. यामुळे आणखी एक फायदा झाला. आधी स्तंभ मध्यरात्रीच्या खुणेवर मध्याने उभे होते आणि महिन्याची उभी रेघ बरोबर स्तंभाच्या डोक्याच्या मधोमध निघाल्यासारखी दिसे. आता तसे होत नाही.

२२ एप्रिल : नसलेली रेघ

पीडीएफमध्ये ११५.६ आणि २०४.५ ला केसासारखी पांढरी रेघ दिसू लागली. छपाईवाल्यानेही ती ग्रिडच समजली. पट्टे एकमेकांना खेटून असले की कडा मऊ करताना सांध्यात फट दिसते. पट्ट्याला त्याच रंगाची कड दिली तर फट बुजते, पण पट्टा हद्दीबाहेर सरकतो.

बिनसांध्याचा उपाय : पहिला पट्टा ६४.५ ते ६००, त्यावर दुसरा ११५.६ ते ६००, त्यावर तिसरा २०४.५ ते ६००. झेडऑर्डर सारखा असेल तर जो नंतर घातला तो वर येतो. सांधाच उरत नाही.

ग्रिडचा मूळ करडा रंग या पट्ट्यांवर विरत होता. थोडा गडद केला आणि जाडी ०.८ वरून ०.५ वर आणली. बारीक आणि गडद रेघ छपाईत जाड आणि फिक्या रेघेपेक्षा स्वच्छ येते.

२४ एप्रिल : मराठी अक्षरे

माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबमध्ये जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते. ‘मिमी’सुद्धा धड येत नाही. देवनागरी अंक मात्र ठीक येतात. उपाय : ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ला ‘नन’ देऊन जतन करायचे, म्हणजे अक्षरे अक्षरेच राहतात, आणि इंकस्केप ती नीट जुळवतो. तिथे अक्षरांचे आकारांत रूपांतर करून मग पीडीएफ, म्हणजे छपाईवाल्याकडे फॉन्ट नसला तरी अडत नाही.

इंकस्केपमध्ये फाइल उघडलेलीच असते तेव्हा थरही तिथेच हाताने वरखाली करावेत असे वाटते. मी ते केले नाही. आकडा एक जरी सुधारला तरी फाइल नव्याने तयार होते आणि हाताने केलेले सगळे पुसले जाते.

२८ एप्रिल : छापला

अंतिम क्रम, खालून वर. उजवी चौकट खाली : पार्श्वभूमी, पट्टे ०, ग्रिड आणि महिन्यांच्या रेघा ०.५, साठ्याची रेषा २. डावी चौकट वर, पार्श्वभूमी बंद : स्तंभ १, पूर्ण साठ्याची तुटक रेघ ३, सूची ५. ही यादी आता फाइलच्या माथ्यावर टिप्पणी म्हणून लिहिली आहे. पहिल्या दिवशी ती कागदावर लिहिली असती तर निम्म्याहून अधिक वेळ वाचला असता, म्हणून जो हे काम करायला घेईल त्याने कोड लिहिण्याआधी ती लिहावी.

मॅट कागदावर ए१, लॅमिनेशनसह ३५० रुपये. चकचकीत कागद नको. खिडकीसमोर पट्ट्यांच्या फिक्या छटा दिसत नाहीत.

२०२२ पासूनचे हंगाम याच फाइलमध्ये टाकणार आहे. तेव्हा डावी मर्यादा ६०० च राहील, नाहीतर भिंतीवर शेजारी लावलेल्या वर्षांची तुलना होणार नाही. एखाद्या वर्षी ६०० ओलांडले तर डावीकडे ७२०, टप्पा १२० चा. उजवीकडे काही बदलायचे नाही. भाग सहाच राहिले पाहिजेत, कारण ग्रिड उजव्या अक्षाची आहे आणि ती डाव्या अक्षाचे आकडे वाचायलाही वापरली जाते.